बापूंची मातीची पट्टी

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की आपल्या घरात मुलतानी मातीचा पुडा येतोच. गुलाबपाण्यात कालवली, चेहऱ्याला लावली, की कसं गार वाटतं! पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंची मुलगी ओढणीत तोंड लपवून माझ्याकडे आली. लग्न पंधरा दिवसांवर. पुळ्या जाव्यात म्हणून तिनं शेताच्या बांधावरची माती आणून फोडलेल्या पुळ्यांवर थापली होती. सगळा चेहरा लालभडक, सुजलेला. तिला घेऊन दवाखाना गाठला, चार दिवसांत उतार पडला. तिच्या आईचा मात्र एकच प्रश्न होता. गांधीजी म्हणे मातीनंच बरे व्हायचे, मग माझ्या पोरीला ती का बाधली?

प्रश्न बरोबर होता. म्हणून आज गांधीजींची गोष्ट सांगते. मिठाची आणि चरख्याची नाही, मातीची!

मोहनदास गांधींचा जन्म 2 ऑक्टोबर 1869 चा, पोरबंदरचा. तेराव्या वर्षी लग्न, 1888 मध्ये विलायत, बॅरिस्टर होऊन 1891 ला परत आणि 1893 मध्ये दक्षिण आफ्रिका. तिथे प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला. बॅरिस्टरसाहेबांनी काय करावं? कात्री घेतली आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले! पुढून बरे जमले, मागून पार वाट लागली. कोर्टातले मित्र हसले, की रात्री उंदरांनी केस कुरतडले की काय! पण शरीराची निगा आपली आपण राखायची, ही गाठ तिथेच पक्की झाली.

पुढे जोहान्सबर्गला असताना त्यांना बद्धकोष्ठाचा आणि डोकेदुखीचा त्रास होता. सारखं औषध घ्यायचा कंटाळा आला होता. अशात त्यांच्या हाती ॲडॉल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक आलं. त्यात मातीचे उपचार होते. स्वच्छ माती गार पाण्यात भिजवायची, बारीक कापडावर पोटिसासारखी पसरायची आणि पोटावर बांधायची. गांधीजी रात्री निजताना पट्टी बांधायचे आणि मध्ये किंवा सकाळी जाग आली की सोडायचे. त्यांना गुण आला. मग काय, घरात, आश्रमात, मित्रांत सगळीकडे माती सुरू झाली.

त्यांच्या रामदासचा, तिसऱ्या मुलाचा, बोटीवर खेळताना हात मोडला. मुलगा आठ वर्षांचा. बोटीवरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की घरी गेल्यावर चांगल्या डॉक्टरकडून मलमपट्टी करून घ्या. पण गांधीजींनी थरथरत्या हातांनी पट्टी सोडली, जखम धुतली आणि मातीची पट्टी बांधली. रोज धुवायचं, रोज बांधायचं, महिनाभर. हात बरा झाला. पण बायांनो, इथे मी आई म्हणून थांबते. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि घरच्या तव्यावर भाजून ते मरतीलच असं नाही. ती वेळ निभावली, म्हणून आपण आपल्या लेकराच्या उघड्या जखमेवर माती लावायची नाही. आपले सगळेच प्रयोग यशस्वी झाले असा दावा खुद्द गांधीजींनीही केला नाही.

1915 मध्ये ते भारतात परतले. त्यांची खरी परीक्षा झाली ती आपल्या पुण्यात. 1922 पासून ते तुरुंगात होते, येरवड्याला. जानेवारी 1924 मध्ये पोटात भयंकर दुखू लागलं. अपेंडिक्स! आता माती लावून भागणार नव्हतं. गांधीजींनी हट्ट धरला नाही. 12 जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. ज्यांच्या राज्याशी झगडा, त्यांच्याच डॉक्टरच्या हाती त्यांनी पोट दिलं. मला तर हे फार मोठं वाटतं. आपल्या आवडत्या उपचाराची हद्द कुठे संपते, हे ओळखायलाही धाडस लागतं.

1936 पासून ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहू लागले. तिथेही माती होतीच. पुढे 1942 मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी 'आरोग्यनी चावी' हे छोटं गुजराती पुस्तक लिहिलं. त्यात मातीवर वेगळं प्रकरण आहे, आणि आमच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. माती खत घातलेल्या शेतातली घ्यायची नाही. ती मऊ हवी, चिकट नको, खडेही नकोत. बारीक चाळणीनं चाळायची, शंका असली तर भाजून घ्यायची. वाहत्या गळवावर लावताना ते आधी गळू पोटॅशिअम परमँगनेटच्या पाण्यानं धुवायचे आणि माती त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. आहे की नाही बाईसारखी टापटीप? आमच्या मुलीनं यातलं काहीच केलं नव्हतं.

त्याच पॅलेसमध्ये 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. बासष्ट वर्षांचा संसार तिथे संपला. सुटकेनंतर, मार्च 1946 मध्ये, गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले. गरिबाला परवडेल असा उपचार खेड्यात मिळावा, ही त्यांची इच्छा. त्यांनी स्वतः रोगी तपासले. पुढचं काम मणिभाई देसाईंनी आयुष्यभर सांभाळलं आणि तो आश्रम आजही आहे.

एक शेवटची आठवण. 1947 च्या सुरुवातीला दंगलीनं होरपळलेल्या नोआखालीत ते गावोगाव अनवाणी हिंडत होते. पाय घासायला त्यांच्याकडे साबणाऐवजी मीराबेननं दिलेला एक खरबरीत दगड होता, आपल्या वज्रीसारखा. एका मुक्कामी तो विसरला. बापूंनी नात लागणाऱ्या मनूला एकटीला तो आणायला माघारी पाठवलं. भीतीनं गारठलेली ती पोर रामनाम घेत गेली आणि दगड शोधून घेऊन आली. साधी वस्तू, पण टाकायची नाही! वर्षभरानं, 30 जानेवारी 1948 ला, बापू गेले.

तर मैत्रिणींनो, मातीत तेल शोषून घ्यायचा गुण आहे, म्हणून तेलकट त्वचेला ती मानवते. चेहऱ्यासाठी चांगल्या दुकानातली स्वच्छ, वस्त्रगाळ मुलतानी माती घ्या. आधी कोपराच्या आत थोडी लावून एक दिवस वाट बघा. मग आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. कडक वाळून तडकायच्या आत धुवा. त्वचा कोरडी असेल तर दूध किंवा साय घाला. फुटलेल्या पुळीवर, जखमेवर, इसबावर लावू नका. आणि रंग उजळेल ही आशा सोडा. माती चेहरा स्वच्छ करते, गोरा नाही. त्याची गरजही नाही!

त्या मुलीचं लग्न थाटात झालं. हळदीच्या दिवशी तिच्या आईनं मला मुद्दाम बोलावून दाखवलं. उटणं तिनं स्वतः दोनदा चाळून घेतलं होतं.