माळावरचा संसार

पलूसजवळचे किर्लोस्करवाडी स्टेशन पुष्कळांनी पाहिले असेल. १९१० पर्यंत तेथे निवडुंगाचा माळ होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंग नीट ओळखता येईनात म्हणून मुंबईतले चित्रकलेचे शिक्षण सुटले. मग बेळगावी लोखंडी नांगर घडवले. लोखंडाने जमीन नासते म्हणून दोन वर्षे गिऱ्हाईकच नाही! जम बसतो तोच नगरपालिकेला जागा हवी झाली, कारखाना उठला. वय चाळीस. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ३२ एकर माळ व १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग तोडावा, साप हाकलावे, मग चूल मांडावी, असा तो संसार. वाडीत त्यांनी शिवाशिव चालू दिली नाही. रात्रीच्या राखणीला तर तुरुंग भोगून आलेली माणसे नेमली. आम्ही कीर्तनात पतितपावन म्हणतो खरे, पण घरी येऊन आधी कडी लावतो. लक्ष्मणरावांनी किल्ल्याच त्यांच्या भरवशावर ठेवल्या.