देवाला अर्पण केलेली अपुरी सिंफनी

ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. जपमाळेवर जिवापाड प्रेम करणारे थोर संगीतकार अँटन ब्रुकनर याच महिन्यात, ११ ऑक्टोबर १८९६ रोजी, रविवारी देवाघरी गेले.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२४ रोजी ऑस्ट्रियातील आन्सफेल्डन गावी झाला. वडील गावचे शिक्षक आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. १८३७ साली वडील वारले. आईने बारा वर्षांच्या अँटनला सेंट फ्लोरियनच्या मठातील गायनमंडळात ठेवले. पुढे ते शिक्षक झाले, लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादक झाले आणि १८६८ साली व्हिएन्नात संगीत शिकवू लागले. वर्ग चालू असताना एंजेलसची घंटा झाली की ते शिकवणे थांबवून गुडघे टेकीत. रोजच्या प्रार्थनांची नोंद ते डायरीत ठेवीत.

जगाने मात्र त्यांना सहज स्वीकारले नाही. १८७७ साली व्हिएन्नात त्यांच्या तिसऱ्या सिंफनीचे वादन त्यांनी स्वतः चालवले. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना. वादन संपेपर्यंत बहुतेक श्रोते उठून गेले होते. ब्रुकनर दुखावले, पण त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. सातव्या सिंफनीला १८८४ साली जर्मनीत यश मिळाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

नववी सिंफनी त्यांनी परमेश्वराला अर्पण केली, असे सांगतात. १८८७ साली सुरू केलेल्या या रचनेचे तीन भाग १८९४ पर्यंत पूर्ण झाले. आजारपणातही ते चौथ्यावर काम करीत राहिले. तो अपुराच राहिला. सेंट फ्लोरियनच्या चर्चमध्ये, ऑर्गनच्या खालच्या तळघरात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी १९६५ साली याच नवव्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण केले, तेही व्हिएन्नाच्याच वाद्यवृंदाकडून! त्यातील तिसरा भाग जरूर ऐका. वाद्ये मोठ्याने आक्रोश करतात आणि मग हळूहळू शांत होत जातात. चौथा भाग नाही, तरी काही राहून गेले असे वाटत नाही.

उत्तनपासून भाईंदरपर्यंत आपल्या चर्चमध्ये किती जण रविवारमागून रविवार गातात, ऑर्गन वाजवतात! त्यांचे कौतुक क्वचितच होते. आज मिस्सा संपल्यावर त्यांना भेटून दोन शब्द बोलूया आणि त्यांच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणूया.