ॲलिस इव्हान्स : दुधातील अदृश्य शत्रूचा शोध

गाभण गाय दिवस भरण्याआधीच गाभडली, तर शेतकऱ्याचे वासरूही जाते आणि दूधही. या संकटामागचे एक मोठे कारण म्हणजे ब्रुसेलोसिस हा जिवाणूजन्य रोग. गाभडलेल्या गाईचा मृत गर्भ व वार कुरणात पडून राहिली, की तेथील गवत आणि पाणी दूषित होते व चरणाऱ्या इतर गाईंना रोगाची लागण होते.

डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाईंमधील या रोगाचा जिवाणू शोधला. त्यापूर्वी, १८८७ मध्ये, डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावरील सैनिकांच्या तापाचा जिवाणू शोधला होता. तो ताप शेळीच्या दुधातून पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. मात्र एक रोग पशुवैद्यांचा व दुसरा डॉक्टरांचा मानला गेल्याने दोन्ही जिवाणू शेजारी ठेवून कोणी पाहिले नाहीत.

ते काम ॲलिस इव्हान्स यांनी केले. २९ जानेवारी १८८१ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांचा जन्म झाला. काही वर्षे शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी कॉर्नेल व विस्कॉन्सिन विद्यापीठांत जिवाणुशास्त्राचा अभ्यास केला आणि सरकारी दुग्ध विभागात त्या संशोधन करू लागल्या. हे दोन्ही जिवाणू अत्यंत निकटचे आहेत आणि निरोगी दिसणाऱ्या गाईचे कच्चे दूधही माणसाला घातक ठरू शकते, असा निष्कर्ष त्यांनी १९१७ मध्ये मांडला व १९१८ मध्ये प्रसिद्ध केला.

त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्या स्त्री होत्या आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञानेही विरोध केला. इव्हान्स यांनी वाद घालत बसण्याऐवजी प्रयोग चालू ठेवले. १९२२ मध्ये त्यांना स्वतःलाच या रोगाची लागण झाली आणि पुढील सुमारे वीस वर्षे तो अधूनमधून उलटत राहिला. दरम्यान इतर देशांतील संशोधकांनीही त्यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. १९२८ मध्ये अमेरिकन जिवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत अमेरिकेत पुढे सर्वमान्य झाली. ५ सप्टेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतातही हा रोग गाई-म्हशींत आढळतो. १९५९ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली दुग्ध योजनेने राजधानीतील घरांपर्यंत पाश्चरीकरण केलेले दूध पोहोचवले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशव्यापी पशुरोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देण्याची तरतूद करण्यात आली. गोठ्यातील रोग आणि घरातील आजार यांचे नाते इव्हान्स यांनी दाखवून दिले. म्हणूनच गाभडलेल्या गाईला वेगळे बांधणे, गर्भ व वार खोल पुरणे आणि दूध उकळून पिणे, या साध्या कृतींमागे त्यांच्या चिकाटीचे मोल दडलेले आहे.