बालासरस्वती : रंगमंचावर एकटी

स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प आर. के. षण्मुखम् चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडला, हे आम्हां बँकवाल्यांना बढतीच्या परीक्षेसाठी पाठ असे. मात्र या अर्थमंत्र्यांची सहचरी आणि त्यांच्या मुलीची आई भरतनाट्यमची अद्वितीय नर्तकी होती, हे मला फार उशिरा कळलं. चेट्टी आधीच विवाहित होते, आणि ती होती देवदासी घराण्यातली. तिचं नाव तंजोर बालासरस्वती.

बालाचा जन्म मद्रासचा, १३ मे १९१८ चा. आजी वीणा धनम्माळ म्हणजे कर्नाटक संगीतातलं मोठं प्रस्थ, आई जयम्माळ गायिका. घराण्याची मुळं तंजावरच्या मराठा दरबारापर्यंत जातात. पूर्वज पापम्माळ तिथल्याच. आपण मराठी माणसं तंजावरची आठवण काढतो ती सरस्वती महाल ग्रंथालयासाठी. पण दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीतही रचना केल्या, आणि अलारिप्पूपासून तिल्लाणापर्यंतचा आजच्या नृत्यमैफलीचा क्रम बसवला तो त्या दरबाराशी नातं असलेल्या चार भावांनी. बालाचे गुरू कंदप्पा पिळ्ळै त्याच भावांच्या घराण्यातले. १९२५ साली, सातव्या वर्षी, कांचीपुरमच्या देवळात तिचं अरंगेत्रम झालं.

तो काळ या घराण्यांच्या विरुद्ध जाणारा होता. देवदासी प्रथेत मुलींचं शोषण होतं, हे नाकारता येणार नाही, आणि ती बंद व्हावी म्हणून झगडणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी स्वतः देवदासीच्या कन्या होत्या. कायद्याच्या बाजूचं म्हणणं मला पटतं. तरीही प्रथेबरोबर त्या बायकांची विद्याही लोकांच्या नजरेत कलंकित झाली, हा हिशेब कुणी मांडला नाही. १९३५ नंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हे नृत्य प्रतिष्ठित घरांतल्या मुलींपर्यंत नेलं. त्यांचं ऋण मोठंच. पण ते नेताना शृंगार सौम्य करावा, असं त्यांना वाटे. बालाचा विरोध नेमका इथे होता. शृंगार हाच भक्तीचा गाभा, त्यात धुण्यासारखं काही नाही, असं ती शेवटपर्यंत मानत आली. १९४७ साली, चेट्टी अर्थमंत्री झाले त्याच वर्षी, मद्रासमध्ये देवदासींवरचा कायदा संमत झाला. कंदप्पा १९४१ मध्येच गेले होते, बालाची प्रकृती साथ देत नव्हती, कार्यक्रम आटले होते.

एकल नृत्य म्हणजे काय, हे पाहिल्याखेरीज कळणं कठीण. वर्णम् हा त्यातला सर्वांत मोठा भाग, तासभरही चालतो. नायिका तीच, सखी तीच, रुसलेला प्रियकरही तीच. नेपथ्य नाही, दुसरं पात्र नाही. बाला त्यात स्वतः गातही असे. गाण्याची एकच ओळ पुन:पुन्हा येते आणि दर खेपेला तिचा अर्थ नवा होतो, आणि हे आयत्या वेळी सुचलेलं असतं. त्यासाठी नर्तकी आधी गायिका असावी लागते, असं तिच्या घरचं शिक्षण सांगे. आज ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणाऱ्यांना हे कसं जमावं, देव जाणे!

मद्रासच्या म्युझिक अॅकॅडमीचे डॉ. व्ही. राघवन तिच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५३ मध्ये तिथे तिची नृत्यशाळा सुरू झाली. पुढचं सगळं ठाऊक असलेलंच : १९५७ चं पद्मभूषण, १९६३ चा एडिनबरा महोत्सव, अमेरिकेतलं अध्यापन. १९७३ मध्ये अॅकॅडमीने तिला संगीत कलानिधी केलं. संगीतकारांचा हा मान नर्तकीला प्रथमच मिळत होता. ९ फेब्रुवारी १९८४ रोजी ती गेली.

सत्यजित राय यांचा १९७६ चा ‘बाला’ हा लघुपट मी एका फिल्म सोसायटीत पाहिला. राय यांनी शाळकरी वयात कलकत्त्याला तिचा नाच पाहिलेला. व्यासतीर्थांची कृष्णाला बोलावणारी कन्नड रचना त्यांनी तिला समुद्रकाठी करायला लावली. मला ते तेव्हाही पटलं नाही. इतक्या बारीक अभिनयाला मोकळं आभाळ कशाला? वारा साडी सतत ओढत होता. अठ्ठावन्न वर्षांची, जाडसर बांध्याची ती बाई वाऱ्याकडे लक्षच देत नव्हती. वाळूत कुठे तरी तिचं मूल होतं, आणि ती त्यालाच बोलावत होती.