सुट्टीतलं पुस्तक आणि जेन ऑस्टिन

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. हा लेख लिहिणारा मुलगा मेकॅनिकलचा आहे आणि तो सुट्टीत बायकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या वाचतो. लग्नं जुळवणाऱ्या आया, नाचाचे कार्यक्रम, गैरसमज, पत्रं आणि शेवट गोड. हॉस्टेलमध्ये ही बातमी फुटली तेव्हा मला काय काय नावं पडली, ती इथे छापण्यासारखी नाहीत.

झालं असं की, चौथ्या सेमिस्टरला एम-थ्रीचा पेपर असा काही गेला की सुट्टीत घरी जायची छातीच होईना. म्हणून तडक साताऱ्याला आत्याकडे गेलो. मे महिना, दुपारी लाइट गेलेली, मोबाइलची बॅटरी संपलेली. वेळ जाता जाईना म्हणून आत्याचं कपाट उघडलं, तर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जुनं पुस्तक हाती लागलं. प्राइड अँड प्रेज्युडिस. पहिल्याच पानावर मिसेस बेनेट भेटल्या. घरात लग्नाच्या पाच मुली, आणि शेजारी एक श्रीमंत, बिनलग्नाचा तरुण राहायला आलेला. त्या बाईंची जी धांदल उडते ना, ती वाचून मला आमच्या गल्लीतल्या दोन-तीन काकू एकदम आठवल्या. पुढे मिस्टर कॉलिन्स येतात. लग्नाची मागणी घालताना आपण लग्न का करतोय याची कारणं ते एक, दोन, तीन असे मुद्दे पाडून सांगतात. अगदी आठ मार्कांचा प्रश्न सोडवल्यासारखं! मी एकटाच खो खो हसत होतो. आत्या चहा घेऊन आली आणि रिझल्टचं टेन्शन डोक्यात गेलं की काय, अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिली.

पुस्तक तीन दिवसांत संपलं. मग प्रश्न पडला, ही बाई होती तरी कोण? इतकं हसवणारी म्हणजे मजेत जगलेली असणार, असं मी धरून चाललो होतो. शोधत गेलो आणि माझा अंदाज साफ चुकला.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातलं स्टीव्हन्टन हे तिचं गाव. आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, तेव्हा सवाई माधवराव पावणेदोन वर्षांचे होते आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्याच वर्षी सुरू झालं होतं. त्या युद्धाच्या धड्यात भेटणारा वॉरन हेस्टिंग्ज ऑस्टिन घराण्याच्या चांगल्याच ओळखीचा होता. जेनची एक आत्या हिंदुस्थानात येऊन राहिली होती आणि तिच्या मुलीचा, म्हणजे कलकत्त्यात जन्मलेल्या एलायझाचा, हेस्टिंग्ज धर्मपिता होता. पुढे म्हातारपणी त्याने प्राइड अँड प्रेज्युडिस वाचून तारीफ केली, तेव्हा जेन भलतीच खूश झाली होती.

वडील जॉर्ज ऑस्टिन गावच्या चर्चचे पाद्री. उत्पन्न बेताचं आणि मुलं आठ, त्यात जेन सातवी. घरखर्चाला हातभार म्हणून ते मुलांना घरीच ठेवून घेऊन शिकवायचे. म्हणजे जेन वाढली ती जवळजवळ हॉस्टेलमध्येच म्हणा ना! तिची स्वतःची शाळा मात्र अकराव्या वर्षाच्या आसपासच सुटली. पुढचं शिक्षण वडिलांच्या कपाटातल्या सुमारे पाचशे पुस्तकांवर झालं. पंधराव्या वर्षी तिने इंग्लंडचा एक चेष्टेखोर इतिहास लिहिला. सनावळ्या जवळपास नाहीतच आणि राजांवर उघड पक्षपात. त्यात चित्रं काढली मोठ्या बहिणीने, कॅसान्ड्राने. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

विसाव्या वर्षी जेन एका नाचात टॉम लेफ्रॉय नावाच्या आयरिश तरुणाला भेटली. दोघांचं छान जमलं. पण त्याच्याकडे पैसा नव्हता आणि हिच्याकडेही नव्हता. नातेवाइकांनी त्याला लवकरच तिथून हलवलं. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. कॅसान्ड्राची कथा याहून वाईट. तिचं लग्न ठरलं होतं, पण १७९७ मध्ये होणारा नवरा वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला.

त्याच वर्षी जेनने एक कादंबरी पुरी केली. वडिलांनी कौतुकाने लंडनच्या एका नामांकित प्रकाशकाला पत्र लिहून ती पाठवू का, असं विचारलं. उलट टपाली नकार आला. हस्तलिखित बघायचीसुद्धा त्याची तयारी नव्हती. हीच कादंबरी सुधारून पुढे प्राइड अँड प्रेज्युडिस झाली. छापून यायला १८१३ साल उजाडलं. म्हणजे सोळा वर्षं! आपण सहा महिन्यांच्या केटीला घाबरतो.

१८०१ मध्ये वडिलांनी निवृत्ती घेतली आणि घर बाथ शहरात हललं. पुस्तकं विकली, पियानो विकला. १८०२ च्या डिसेंबरमध्ये, सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, हॅरिस बिग-विदर नावाच्या तरुणाने तिला मागणी घातली. तो मोठ्या वाड्याचा आणि इस्टेटीचा वारस होता. त्या काळी अशा घरच्या बाईला नोकरी म्हणजे फार तर दुसऱ्याच्या घरी राहून मुलं शिकवणं. नाहीतर लग्न, नाहीतर भावांच्या दारात उभं राहणं. हे स्थळ म्हणजे आई, बहीण आणि स्वतःची आयुष्यभराची सोय. तिने हो म्हटलं. रात्र गेली. सकाळी उठून तिने शब्द परत घेतला आणि दोघी बहिणी गाडी करून तिथून निघून आल्या. त्या रात्री तिच्या मनात काय चाललं असेल कोण जाणे. पण हे वाचल्यावर तिच्या कादंबऱ्यांतली लग्नाची धांदल मला नुसती गंमत वाटेना. मिसेस बेनेटना मी हसलो होतो. पण नवरा गेला की घर दूरच्या पुतण्याचं होणार आणि पाच मुली उघड्यावर येणार, ही त्यांची भीती अगदी खरी आहे. जेन त्यांना हसते, पण त्या भीतीला हसत नाही.

१८०५ मध्ये वडील गेले. आई आणि दोन मुली भावांच्या मदतीवर आल्या. आज या घरी, उद्या त्या घरी असं चाललं. या वर्षांत तिच्या हातून फारसं लिहून झालं नाही. त्याआधी १८०३ मध्ये एक कादंबरी दहा पौंडांना विकली गेली होती, पण प्रकाशक ती छापेना. १८०९ मध्ये जेनने खोट्या नावाने त्याला खरमरीत पत्र लिहिलं. पत्राखालच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की वेडी असा शब्द होतो. म्हणजे संतापातही हिचा खोडकरपणा सुटत नव्हता. प्रकाशकाने कळवलं की दहा पौंड भरा आणि घेऊन जा, दुसरीकडे छापाल तर कोर्टात खेचीन. दहा पौंड तिच्याजवळ कुठले असायला? ते हस्तलिखित शेवटी १८१६ मध्ये भाऊ हेन्रीने सोडवून आणलं.

१८०९ मध्येच दिवस थोडे पालटले. एडवर्ड हा भाऊ श्रीमंत नातेवाइकांना दत्तक गेला होता. त्याने चॉटन गावातलं एक घर आईला आणि बहिणींना राहायला दिलं. तिथे खिडकीपाशी एका लहानशा टेबलावर जेन लिहायची. घरातली आठवण अशी सांगतात की, एक दार उघडताना करकरायचं आणि त्या बिजागरीत तेल घालायला ती मनाई करायची. कारण कोणी येतंय हे कळलं की कागद झाकता यायचे. मेकॅनिकलवाल्याला हे पटणं अवघड आहे, पण सबमिशनच्या फाइलमध्ये कादंबरी लपवून वाचणाऱ्याला अगदी पटतं.

१८११ मध्ये सेन्स अँड सेन्सिबिलिटी आली, तीही नुकसान झालं तर स्वतः सोसायच्या अटीवर. वर नाव नाही, एका बाईने लिहिलेली एवढंच. आवृत्ती खपली आणि १४० पौंड सुटले. प्राइड अँड प्रेज्युडिसचे हक्क मात्र तिने ११० पौंडांना विकून टाकले. मागितले होते १५०. पुस्तक धडाक्यात खपलं, पण पुढचा फायदा सगळा प्रकाशकाचा. हक्क न विकण्याचा धडा ती यातून शिकली. १८१४ मध्ये मॅन्सफील्ड पार्क आणि १८१५ मध्ये एमा आली. राज्याचा कारभार पाहणारा युवराज तिचा चाहता निघाला. तिला तो मुळीच आवडत नसे, पण एमा त्याला अर्पण करणं भाग पडलं. त्याच्या ग्रंथपालाने तर एका राजघराण्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहा, असं सुचवलं. तिने गोड शब्दांत कळवलं की ते आपल्याला जमायचं नाही. गावातली तीन-चार घरं हाच आपला सिलॅबस, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

१८१६ मध्ये हेन्रीची बँक बुडाली आणि त्याच वर्षी जेनची तब्येत ढासळू लागली. १८१७ च्या जानेवारीत तिने नवी कादंबरी सुरू केली. विषय काय, तर समुद्रकाठच्या गावी हवापालटाला येणारे, सतत आपल्याला काहीतरी झालंय असं वाटणारे लोक! लिहिणारी खरोखर आजारी आणि कागदावर थट्टा चालली आहे ती खोट्या आजाऱ्यांची. मार्चमध्ये बारा प्रकरणांवर हात थांबला. मे महिन्यात उपचारांसाठी तिला विंचेस्टरला नेलं. १५ जुलैला तिने तिथल्या घोड्यांच्या शर्यतींवर एक विनोदी कविता सांगून लिहवून घेतली. १८ जुलैच्या पहाटे ती गेली. वय ४१. डोकं कॅसान्ड्राच्या मांडीजवळच्या उशीवर होतं. अंत्ययात्रेला बायका जात नसत, म्हणून कॅसान्ड्राने ती वळणाआड जाईपर्यंत खिडकीतून पाहिली.

विंचेस्टर कॅथीड्रलमधल्या तिच्या मूळ शिळेवर तिच्या स्वभावाची आणि बुद्धीची स्तुती आहे, पण ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेख नाही. नाव जगाला कळलं ते त्या वर्षअखेरीस, उरलेल्या दोन कादंबऱ्या एकत्र छापून आल्या आणि हेन्रीने तिचा परिचय लिहिला तेव्हा. लेखणीतून तिला आयुष्यभरात मिळाले जेमतेम सहाशे-सातशे पौंड. २०१७ मध्ये इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र आलं. दहाच पौंड! एके काळी हेच दहा पौंड तिच्याजवळ नव्हते.

त्या उरलेल्या दोनपैकी एक, म्हणजे भावाने सोडवून आणलेली ती कादंबरी. तिचं नाव नॉर्थँगर ॲबी. त्यात जेन मध्येच गोष्ट थांबवून कादंबरी वाचायला लाजणाऱ्यांची चांगली हजेरी घेते. ते पान मी हॉस्टेलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. फार फरक पडला असं नाही, पण रूम पार्टनरने दुसऱ्या दिवशी गुपचूप पुस्तक मागितलं.

एम-थ्री राहिलाच, हे सांगायला हवं. रिझल्टच्या दिवशी आत्याचा फोन आला. रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, पुढचं कुठलं पुस्तक पाठवू? तर मित्रांनो, या सुट्टीत सुरुवात प्राइड अँड प्रेज्युडिसने करा, मग नॉर्थँगर ॲबी घ्या आणि मॅन्सफील्ड पार्क शेवटी ठेवा. आणि हो, कव्हर घालू नका.