वॉशिंग्टन यांची काळवंडलेली कवळी

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे जे चित्र आहे, त्यात त्यांचे ओठ घट्ट मिटलेले दिसतात. हे चित्र चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलेल्या तैलचित्रावरून घेतले आहे. त्या मिटलेल्या ओठांमागे कवळी होती.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ मध्ये व्हर्जिनियात झाला. वयाच्या २४व्या वर्षी एक दात काढण्यासाठी पाच शिलिंग दिल्याची नोंद त्यांच्या हिशेबवहीत सापडते. त्यानंतर दात एकामागून एक जातच राहिले. ते दातांची हेळसांड करणारे नव्हते. ब्रश आणि दंतमंजन ते मुद्दाम मागवत. ब्रिटिशांविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध त्यांनी जिंकून दिले, दात मात्र वाचवता आले नाहीत. ३० एप्रिल १७८९ रोजी त्यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा तोंडात एकच दात उरला होता.

न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना कवळी करून दिली. पाणघोड्याचा सुळा कोरून तिचा पाया केला, त्यात माणसाचे दात बसवले आणि उरलेल्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवले. वरचा व खालचा भाग स्प्रिंगने जोडलेला असे, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जोर लागे. पुढे १७९६ मध्ये तो शेवटचा दातही काढावा लागला. ही कवळी लाकडी होती, ही मात्र निव्वळ दंतकथा. डाग मुरलेल्या हस्तिदंताच्या बारीक भेगा लाकडाच्या रेषांसारख्या दिसतात, त्यातून ती पसरली असावी. या दातांना एक काळी बाजूही आहे. वॉशिंग्टन यांच्या शेतीवर गुलाम राबत. कृष्णवर्णीयांना नऊ दातांबद्दल पैसे दिल्याची १७८४ मधील नोंद त्यांच्या जमाखर्चात आहे. ते दात कोणाच्या तोंडात बसले, हे तिथे लिहिलेले नाही.

डिसेंबर १७९८ मध्ये वॉशिंग्टन यांनी एक कवळी दुरुस्तीसाठी ग्रीनवुड यांच्याकडे पाठवली. ओठ पुढे ढकलले जातात, ही त्यांची तक्रार होती. ग्रीनवुड यांना वेगळेच दिसले. कवळी काळी पडली होती. ती पोर्ट वाइनमध्ये भिजवल्यामुळे किंवा ती वाइन पिण्यामुळे हे झाले असावे, असे त्यांनी पत्राने कळवले. आंबट पदार्थाने कवळीची झिलई जाते आणि दात व हाड मऊ पडते, हेही समजावले. जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी व दुसरी लावावी, नाहीतर ब्रश आणि बारीक खरवडलेल्या खडूने ती घासावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १७९९ रोजी, घशाच्या तीव्र आजाराने वॉशिंग्टन यांचे निधन झाले. त्या आजाराचा कवळीशी संबंध जोडता येत नाही.

खडू सोडला, तर ग्रीनवुड यांच्या सल्ल्याचा गाभा आजही तोच आहे. कवळीवर अन्नाचा आणि जंतूंचा चिकट थर बसतो. त्यातून हिरड्या व टाळू लाल होतात, कँडिडा ही बुरशी वाढते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ठसका लागून जंतूंनी भरलेली लाळ फुप्फुसात गेली, तर न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ व्यक्तींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी लावून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

घरी स्वतः कवळी धुणारे आजोबा रुग्णालयात दाखल झाले की हे काम कोणाचेच राहत नाही. संकोचापायी ते स्वतः बोलत नाहीत. म्हणून दाखल करतानाच सिस्टरना कवळीबद्दल सांगावे. प्रत्येक जेवणानंतर ती काढून पाण्याखाली धरावी. दिवसातून किमान एकदा मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासावी. हातातून निसटली तरी फुटू नये म्हणून खाली पाणी भरलेले भांडे ठेवावे. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू घर करतात. उकळत्या पाण्याने कवळीचा आकार बिघडतो. हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसावी. रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवावी व सकाळी धुऊन लावावी.

झाकणाच्या डबीवर रुग्णाचे नाव लिहावे. कागदात गुंडाळून उशीशी ठेवलेली कवळी कचऱ्यात किंवा धुण्यात जाते. मग रुग्णाला नीट चावता येत नाही, बोललेले कळत नाही, आणि आजारातून उठताना नेमका आहार कमी पडतो. शस्त्रक्रियेपूर्वी कवळी काढायची असतेच. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या रुग्णाच्या तोंडात ती राहिलेली नाही ना, हे मात्र जवळच्या माणसाने विचारून घ्यावे.