फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याचे काम ते अल्प वेतनावर करीत. तेथे ग्रेग या नामांकित फलंदाजास सरावासाठी तासन् तास चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला. हाती फळी घेण्याची संधी मात्र त्यांस मिळाली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले. परंतु ज्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, त्यांस चहा मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या पात्रातून मिळे.

त्यांची गोलंदाजी पाहणे हा प्रेक्षकांस मोठाच आनंद असे. हात सहज फिरे, चेंडू संथपणे उंचावे, फलंदाज मोहून पुढे सरसावे आणि तोच चेंडू टप्पा पडताच वळून त्यास चकवी. १९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी जिंकले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले.

तरीही जातीमुळे संघाचे नायकत्व त्यांस लाभले नाही. १९२३ साली तो मान त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला. बाळू १९५५ साली निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या क्रीडांगणावर कोणाचा पेला निराळा ठेवलेला नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे.